पट्टा, क्लच आणि बिघाडाचे निदान : पेट्रोलवरील गोल्फ कार्टच्या शक्तिप्रेषण यंत्रणेचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध, शोधक आणि पेटंट यांना नेहमीच अग्रस्थान मिळत आले आहे. यंत्र बाजारात आल्यावर ते कसे वापरले गेले, कोठे नादुरुस्त झाले आणि कोणी दुरुस्त केले, या प्रश्नांना त्या मानाने फारच थोडी जागा मिळाली. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात वापर व देखभाल यांच्या अंगाने तंत्रज्ञानाच्या इतिहासाची मांडणी केली. पाठोपाठ २००७ साली केव्हिन बोर्ग यांचा अमेरिकेतील मोटार मेकॅनिकांच्या कौशल्याचा इतिहास प्रसिद्ध झाला. या दोन ग्रंथांनी दुरुस्ती हा इतिहासाचा विषय होऊ शकतो याची जाणीव अभ्यासकांना करून दिली.

या दृष्टीने अभ्यास करण्यास पेट्रोलवर चालणारी गोल्फ कार्ट हे एक सोयीचे उदाहरण आहे. ती लहान आहे, साधी आहे, आणि तिच्या शक्तिप्रेषणाचे बहुतेक भाग आसन उचलताच उघड्या डोळ्यांना दिसतात. तिच्यात चालकासाठी क्लचची दांडी नसते आणि गिअर बदलण्याचे कामही नसते. पाय दाबला की गाडी निघते व पाय काढला की थांबते. अशी गाडी चढावर ओढेनाशी झाली, हिसका देऊन निघू लागली किंवा इंजिन गरगरत असूनही जागची हलेनाशी झाली, म्हणजे तिच्या सोपेपणामागे किती ज्ञान दडलेले होते हे ध्यानात येते. हे ज्ञान कोठून आले, चालकाकडून ते कोणाकडे गेले आणि आज त्याची स्थिती काय आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उद्दिष्टे

१. पट्ट्यावर आधारित पायरीरहित शक्तिप्रेषणाच्या विकासाचा आढावा घेणे.
२. पेट्रोलवरील गोल्फ कार्टमधील क्लच व पट्ट्याच्या बिघाडांचा त्यांच्या रचनेशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३. बिघाडाच्या निदानाची पद्धत हे एक ऐतिहासिक ज्ञान आहे, असे प्रतिपादन करणे.

प्रस्तुत लेखाची व्याप्ती पट्टा, दोन पुल्या व मागील आस यांपुरती मर्यादित आहे. इंजिनातील बिघाडांचा उल्लेख, ते शक्तिप्रेषणातील बिघाडासारखे भासतात तेवढ्यापुरताच केला आहे.

पट्ट्याच्या शक्तिप्रेषणाची पूर्वपीठिका

इंजिनाचा वेग आणि चाकाचा वेग यांचे प्रमाण परिस्थितीनुसार बदलावे लागते. गाडी जागेवरून निघताना किंवा चढ चढताना चाकाला वेगापेक्षा जोर अधिक हवा असतो. सपाट रस्त्यावर वेग हवा असतो. दातेरी चाकांच्या गिअरपेटीत हे प्रमाण पायऱ्यापायऱ्यांनी बदलते. त्याऐवजी दोन पुल्या व एक पट्टा घेऊन पुल्यांचा परिणामी व्यास कमीजास्त केल्यास हेच प्रमाण पायऱ्यांविना, सलगपणे बदलता येते. ही कल्पना मोटारीच्याही आधी कारखान्यांत रुजली होती. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील मिल्टन रीव्हज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकूडकामाच्या यंत्रांसाठी अशा बदलत्या व्यासाच्या पुल्या तयार केल्या आणि १८९६ मध्ये स्वतःच्या मोटारगाडीतही त्यांचा उपयोग केला.

इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झेनिथ कंपनीने आपल्या मोटारसायकलींना ‘ग्रॅड्युआ’ नावाची यंत्रणा बसविली. तिच्यात स्वार हाताने एक दांडा फिरवून इंजिनाकडील पुलीचा व्यास बदलत असे. त्याच वेळी मागचे चाक पुढेमागे सरकून पट्ट्याचा ताण कायम राही. चढणीच्या शर्यतींत हा लाभ इतका ठळक ठरला की काही स्पर्धांतून या गाड्यांना मज्जाव करण्यात आला, आणि कंपनीने तो मज्जावच आपल्या जाहिरातीचा विषय बनविला. पुढे रज कंपनीच्या ‘मल्टी’ या मोटारसायकलीने याच तत्त्वाचा अवलंब केला. १९१४ सालची आइल ऑफ मॅनवरील सीनिअर टीटी शर्यत रज कंपनीच्या गाडीने जिंकली.

या सर्व यंत्रणांत पुलीचा व्यास कधी व किती बदलायचा हा निर्णय स्वाराचा होता. इंजिनाचा आवाज ऐकून, चढ पाहून, हाताने दांडा फिरविणे हे त्याचे कौशल्य होते. पट्टा घसरू लागला तर तोही त्यालाच प्रथम जाणवे. म्हणजेच चालविण्याचे ज्ञान आणि निदानाचे ज्ञान या काळात एकाच व्यक्तीच्या ठायी होते.

यानंतरचे दोन बदल निर्णायक ठरले. पहिला बदल पट्ट्याच्या स्वरूपात झाला. अमेरिकेतील डेन्व्हर येथील जॉन गेट्स यांनी १९१७ मध्ये रबर व कापड यांपासून पाचरीच्या आकाराचा पट्टा तयार केला. हा पट्टा पुलीच्या उतरत्या बाजूंमध्ये रुतून बसतो व त्यामुळे चामड्याच्या सपाट पट्ट्यापेक्षा त्याची पकड बरीच वाढते. दुसरा बदल नियंत्रणात झाला. पुलीचे अर्ध हाताने सरकविण्याऐवजी, फिरण्याच्या वेगाने बाहेर फेकल्या जाणाऱ्या वजनांनी ते सरकवावेत, ही योजना पुढे आली. कॅलिफोर्नियातील साल्सबरी कंपनीच्या स्कूटरमध्ये १९३० च्या दशकाच्या अखेरीस अशी स्वयंचलित यंत्रणा दिसते. नेदरलँड्समधील हुब व्हॅन डोर्न यांनी तिला मोटारीत प्रतिष्ठा मिळवून दिली. १९५८ च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडलेल्या ‘डाफ ६००’ या छोट्या मोटारीत ‘व्हेरिओमॅटिक’ यंत्रणा होती. तिच्यात दोन रबरी पट्टे असून केंद्रोत्सारी वजने व इंजिनातील निर्वात दाब यांच्या साहाय्याने पुल्यांचा व्यास आपोआप बदलत असे. जवळपास याच काळात, १९५९ मध्ये, कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांची ‘स्की-डू’ ही बर्फावरील गाडी बाजारात आली. अशा छोट्या वाहनांच्या प्रसाराबरोबर वजनांवर चालणाऱ्या या क्लचची मोठी बाजारपेठ उभी राहिली.

गोल्फ कार्टचा उदय आणि पेट्रोल इंजिन

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गोल्फ हा मध्यमवर्गाचाही खेळ झाला. १९५० च्या दशकात मैदानावर ज्या छोट्या गाड्या आल्या त्या प्रामुख्याने विजेवर चालणाऱ्या होत्या आणि प्रारंभी वृद्ध व अपंग खेळाडूंची सोय म्हणूनच त्यांच्याकडे पाहिले जाई. १९५४ मध्ये जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे ई-झी-गो ही कंपनी स्थापन झाली. १९५८ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन येथे क्लब कारचा प्रारंभ झाला आणि पुढे तीही ऑगस्टा येथेच स्थिरावली. अशा रीतीने एका मध्यम आकाराच्या शहरात या उद्योगाचे केंद्र निर्माण झाले.

शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या वजनदार असत, त्यांना रात्रभर विद्युतभारित करावे लागे आणि चढउताराच्या मैदानावर त्यांची शक्ती लवकर सरे. पेट्रोलची टाकी मात्र काही मिनिटांत भरता येई. या गरजेतून पेट्रोलवरील कार्ट पुढे आली. मोटारसायकलींसाठी प्रसिद्ध असलेल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९६३ पासून दोन दशकांच्या आसपास गोल्फ कार्ट तयार केल्या; त्यांत टू-स्ट्रोक इंजिनाच्या गाड्यांचा समावेश होता. काही टू-स्ट्रोक कार्टमध्ये इंजिनच उलट दिशेने फिरवून गाडी मागे नेली जाई. १९७० च्या दशकात जपानची यामाहा कंपनी या क्षेत्रात उतरली, आणि १९८० व १९९० च्या दशकांत टू-स्ट्रोक इंजिनाची जागा हळूहळू फोर-स्ट्रोक इंजिनाने घेतली.

इंजिने बदलत गेली तरी शक्तिप्रेषणाचा गाभा टिकून राहिला : इंजिनाच्या दंडावर एक पुली, मागील आसेच्या गिअरपेटीवर दुसरी पुली आणि दोहोंमध्ये एक पाचरी पट्टा. ही रचना टिकण्याचे कारण वापरणाऱ्यांत शोधावे लागते. कार्ट भाड्याने घेणारा खेळाडू दर दिवशी वेगळा असे. त्याला मोटार चालविण्याचा अनुभव असेलच असे नव्हते. गवत खराब न करता, हिसका न देता, दिवसातून शेकडो वेळा थांबून पुन्हा निघणे हे या गाडीचे काम होते. अशा चालकाकडून कोणत्याही कौशल्याची अपेक्षा करता येत नव्हती.

या सोयीचे मोल केवळ करमणुकीपुरते नव्हते. पायाच्या रक्ताभिसरणाच्या विकाराने ग्रस्त असलेले व्यावसायिक गोल्फपटू केसी मार्टिन यांना स्पर्धेत कार्ट वापरण्याचा हक्क आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी दिला. ज्याला चालणे शक्य नाही त्याच्या दृष्टीने ही गाडी म्हणजे सहभागाचे साधन आहे, ही बाब त्या निर्णयामुळे अधोरेखित झाली. अर्थात अशा माणसाची गाडी बंद पडणे ही गोष्टही तितकीच गंभीर ठरते.

यंत्रणेची रचना

बिघाडाचे स्वरूप समजण्यासाठी रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. इंजिनाकडील पुलीला चालक पुली म्हणता येईल. कार्टच्या व्यवहारात तिलाच चालक क्लच म्हणतात. तिचे दोन अर्ध असतात. एक स्थिर असतो व दुसरा दंडावर सरकतो. इंजिन मंद गतीने फिरत असताना या दोन अर्धांतील अंतर पट्ट्याच्या रुंदीपेक्षा अधिक असते. पट्टा मधल्या भागावर सैल पडून राहतो व गाडी उभी राहते. इंजिनाची गती वाढली की आतील वजने बाहेर फेकली जातात, सरकता अर्ध आत ढकलला जातो आणि पट्टा पकडला जातो. येथे क्लचचे काम पूर्ण होते. गती आणखी वाढली की पट्टा पुलीच्या कडेकडे चढू लागतो. येथून पुढे तीच पुली गिअरचे काम करते.

मागील आसेवरील चालित पुलीचे कार्य याच्या उलट चालते. तिचे अर्ध स्प्रिंगच्या जोराने मिटलेले असतात, त्यामुळे प्रारंभी पट्टा तिच्या बाहेरच्या कडेवर असतो. चालक पुलीवर पट्टा वर चढला की तो येथे खोल ओढला जातो व चालित पुलीचे अर्ध उघडतात. या पुलीत तिरकस उतार कोरलेले असून त्यांवर प्लॅस्टिकच्या छोट्या गुंड्या सरकतात. चढ लागून चाकावरील भार वाढला की या उतारांमुळे पुलीचे अर्ध पुन्हा मिटू लागतात, पट्टा बाहेर येतो आणि जोर वाढतो. जुन्या काळी स्वार दांडा फिरवून जे करीत असे, ते येथे वजने, स्प्रिंग आणि उतार करतात.

बहुतेक पेट्रोल कार्टमध्ये आणखी एक वैशिष्ट्य आढळते. चावी फिरवून पायपट्टी दाबली की स्टार्टर-जनरेटर एका स्वतंत्र पट्ट्याने इंजिन फिरवितो. पाय काढताच इंजिन बंद होते. म्हणजे गाडी प्रत्येक वेळी निघते तेव्हा इंजिन शून्यापासून सुरू होते आणि क्लचची पकड नव्याने बसते. कारखान्यातून येताना कार्टचा वेग सामान्यतः ताशी १९ ते २४ किलोमीटरच्या आसपास मर्यादित केलेला असतो व ते काम गव्हर्नर करतो.

बिघाडांचे निदान : लक्षणांपासून कारणांपर्यंत

या यंत्रणेत निरनिराळ्या बिघाडांची लक्षणे एकमेकांसारखी दिसतात. ‘गाडी चढावर ओढत नाही’ ही तक्रार घसरणाऱ्या पट्ट्यामुळे, अडकलेल्या पुलीमुळे, घासत राहिलेल्या ब्रेकमुळे किंवा अशक्त इंजिनामुळेही उद्भवू शकते. म्हणून अनुभवी मेकॅनिकाची पहिली कसोटी कानाची असते. इंजिनाचा आवाज चढत जातो पण गाडीचा वेग वाढत नाही, असे असेल तर शक्ती वाटेत कोठेतरी घसरत आहे. याउलट निघतानाच इंजिनाचा आवाज दबतो, ते गुदमरल्यासारखे होते आणि वेग घेतल्यावर मोकळे होते, असे असेल तर चालित पुली उघडीच राहिल्याची शक्यता मोठी असते. गाडी जणू वरच्या गिअरमध्ये निघत असते. आवाज प्रारंभापासून शेवटपर्यंत दबलेलाच राहिला, तर प्रथम ब्रेक व इंजिन तपासणे उचित ठरते.

पुढील तपासणी हाताने करावयाची असते. ती करण्यापूर्वी चावी काढणे व बॅटरीची तार सोडविणे अत्यावश्यक आहे, कारण पायपट्टीला चुकून धक्का लागला तरी इंजिन सुरू होते आणि बोटे पुलीत सापडू शकतात.

पट्ट्याची तपासणी सर्वांत स्वस्त, म्हणून ती प्रथम केली जाते. पट्ट्याच्या बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर तो घसरून तापलेला आहे. झिजून तो अरुंद झाला असेल तर तो पुलीत अधिक खोल बसतो आणि पुलीचे अर्ध पूर्ण मिटूनही वरचा वेग मिळत नाही. पट्ट्याचा एखादाच भाग खोलगट झाला असेल तर गाडी एकदा जागेवर अडकलेली असताना इंजिन जोरात फिरविले गेले होते, असा अर्थ होतो. पुढे प्रत्येक फेऱ्यात तो भाग पुलीवर आला की ठोका जाणवतो. तेल वा ग्रीस लागलेला पट्टा किंचाळतो. येथे पट्टा हा एखाद्या दस्तऐवजासारखा वाचावा लागतो. गाडी कशी वापरली गेली याची नोंद त्याच्या अंगावर उमटलेली असते.

पट्टा पुलीवर कोठपर्यंत चढतो हे पाहण्याची एक जुनी व बिनखर्चाची युक्ती आहे. दोन्ही पुल्यांच्या उतरत्या बाजूंवर केंद्राकडून कडेपर्यंत खुणेची रेघ ओढावी आणि गाडी पूर्ण वेगाने चालवून आणावी. जेथवर रेघ पुसली गेली तेथवर पट्टा पोहोचला. चालक पुलीवर रेघेचा बाहेरचा भाग शिल्लक राहिला तर ती पूर्ण मिटत नाही किंवा पट्टा झिजलेला आहे, किंवा गव्हर्नरने इंजिनाला त्या गतीपर्यंत जाऊच दिले नाही. प्रत्येक शक्यता स्वतंत्रपणे पडताळावी लागते.

चालक पुलीचा नेहमीचा शत्रू म्हणजे धूळ. मैदानावरील वाळू, गवताचे तुकडे व पट्ट्याची भुकटी वजनांच्या सांध्यांत साचते. वजने अडखळली की पकड उशिरा व एकदम बसते आणि गाडी हिसका देऊन निघते. सरकता अर्ध मागे परतला नाही तर पाय काढल्यावरही पट्टा पकडलेला राहतो. इंजिन चालू असताना दिशा बदलण्याची सोय ज्या गाड्यांत आहे, त्यांत अशा वेळी पुढे-मागे करण्याचा दांडा हलविताच गिअर करकरतात. करकर मागील आसेतून ऐकू येते, पण कारण पुढच्या पुलीत किंवा इंजिनाच्या वाजवीपेक्षा जास्त मंदगतीत असते. अडखळणाऱ्या क्लचला तेल देण्याचा मोह नवख्याला होतो. या क्लचचे बहुतेक सरकते भाग कोरडे राहावेत अशाच रीतीने घडविलेले असतात. तेलाला धूळ चिकटते आणि तेलाचे शिंतोडे पट्ट्यावर उडतात. म्हणून पुली स्वच्छ करून कोरडी ठेवणे हीच तिची देखभाल होय.

चालित पुलीत गुंड्या झिजल्या किंवा उतारांवर गंज चढला तर ती उघडल्यावर पुन्हा सहज मिटत नाही. इंजिन बंद असताना तिचे अर्ध हाताने पिळून उघडावेत व सोडावेत. ते स्प्रिंगच्या जोराने निर्वेधपणे मिटले पाहिजेत. स्प्रिंग सैल पडली असेल तर पट्टा चढावर बाहेर येत नाही व घसरतो.

अनेकदा दोष पुलीत व पट्ट्यात नसतोच. इंजिनाला चौकटीवर धरून ठेवणारे रबरी आधार फाटले तर भार येताच इंजिन कलते, दोन पुल्यांतील अंतर व सरळ रेष बिघडते आणि नवा पट्टाही थोड्याच दिवसांत एका बाजूने झिजतो किंवा उलटा होतो. वारंवार पट्टे खाणारी गाडी दिसली की प्रथम आधार पाहावेत, हा अनुभवसिद्ध नियम आहे. मागील आसेतील बेअरिंग, डिफरन्शियल वा दंडाचे दोष ओळखण्याची खूण वेगळी आहे : त्यांचा आवाज इंजिनाच्या गतीबरोबर न बदलता चाकाच्या गतीबरोबर बदलतो, आणि मागची चाके उचलून हाताने फिरविली तरी तो जाणवतो.

वरील क्रमात स्वस्त तपासणी आधी व खर्चिक तपासणी नंतर येते. उघडून पाहण्याआधी ऐकणे, बदलण्याआधी स्वच्छ करणे, आणि एका वेळी एकच भाग बदलून परिणाम पाहणे, ही शिस्त त्यात आहे. प्रयोगशाळेतील एकचल प्रयोगाशी तिचे साम्य स्पष्ट आहे, जरी ती वापरणाऱ्यांपैकी अनेकांनी त्या नावाने ती कधी शिकली नसली तरी.

चुकीच्या निदानाची किंमत

गोल्फ क्लबांकडील कार्ट काही वर्षांच्या भाडेकरारानंतर सामान्यतः बदलल्या जातात व जुन्या गाड्या खासगी मालकांकडे जातात. जॉर्जियातील पीचट्री सिटीसारख्या गावात कार्टसाठी सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या स्वतंत्र वाटा आहेत. तेथे बाजारहाट, शाळा व शेजारभेट यांसाठीही कार्ट वापरली जाते. मैदानातून रस्त्यावर आलेल्या गाडीचे काम बदलते. मालक मोठी चाके बसवितो, मागे आसन वाढवितो, जास्त माणसे नेतो. चाकाचा व्यास वाढला की तोच चढ चढण्यासाठी पट्ट्यावर अधिक भार येतो. मूळ वजने व स्प्रिंग लहान चाकांच्या हिशेबाने ठरविलेली असतात. मग घसरणाऱ्या पट्ट्याचा दोष पट्ट्यावर येतो, तो बदलला जातो आणि काही आठवड्यांत तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

क्लबच्या आवारात निदानाचे काम एका अनुभवी माणसाकडे असे आणि त्याच्यासमोर एकाच प्रकारच्या अनेक गाड्या असत. शेजारची गाडी चालवून पाहिली की तुलना होई. खासगी मालकाकडे तुलनेसाठी दुसरी गाडी नसते. तो भाग बदलत जातो : प्रथम पट्टा, मग चालक क्लच, मग चालित क्लच, आणि शेवटी फाटलेला रबरी आधार सापडतो. दिसायला सारखा पण लांबीत वा बाजूंच्या कोनात किंचित वेगळा पट्टा बसविल्यानेही नवे बिघाड निर्माण होतात. ज्ञान एका ठिकाणी एकवटले आणि गाड्या मात्र विखुरल्या, या विसंगतीची किंमत शेवटी वापरणाऱ्याला मोजावी लागते.

महाराष्ट्रातील समांतर अनुभव

ही विसंगती मराठी वाचकाला अपरिचित नाही. भारतातील गोल्फ मैदाने व संस्थांच्या आवारांत आज दिसणाऱ्या कार्ट बहुतांशी विजेवरील आहेत. परंतु पट्ट्यावरील पायरीरहित शक्तिप्रेषण येथे स्कूटरच्या रूपाने घराघरांत पोहोचले. फिरोदिया समूहाची ‘लूना’ १९७२ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथून बाजारात आली; तिच्यात गिअर बदलण्याचे काम नव्हते. १९८४ मध्ये याच समूहाने जपानच्या होंडा कंपनीच्या सहकार्याने काढलेल्या ‘कायनेटिक होंडा’ने पट्टा व बदलत्या व्यासाच्या पुल्या भारतीय रस्त्यावर आणल्या. २००१ मध्ये आलेल्या ‘ॲक्टिव्हा’ने हा प्रकार सार्वत्रिक केला. डाव्या हाताने क्लच दाबून मूठ फिरवीत गिअर टाकणारी ‘चेतक’ची पिढी मागे पडली आणि स्त्रिया, ज्येष्ठ नागरिक व नवशिके यांना वाहन सुलभ झाले.

मात्र स्कूटर व कार्ट यांच्या रचनेत एक महत्त्वाचा भेद आहे. स्कूटरमध्ये पट्टा नेहमी ताणलेला असतो आणि मागील पुली व चाक यांच्यामध्ये स्वतंत्र केंद्रोत्सारी क्लच असतो. कार्टमध्ये चालक पुली हीच क्लच असते व गाडी उभी असताना पट्टा सैल असतो. त्यामुळे निघतानाची थरथर स्कूटरमध्ये बहुधा मागील क्लचच्या पट्ट्यांकडे बोट दाखविते, तर कार्टमध्ये ती चालक पुली, पट्टा वा इंजिनाचे आधार यांकडे निर्देश करते. एका यंत्रावरचा अनुभव दुसऱ्यावर जसाच्या तसा लागू करता येत नाही. गावोगावच्या गॅरेजांत ‘चेतक’वर हात बसलेल्या मिस्त्रींना कायनेटिक होंडा आल्यावर रोलर, पट्टा व पुली यांची भाषा नव्याने शिकावी लागली. तिची नोंद पुस्तकांत फारशी झालेली नाही. ती गुरूकडून शिष्याकडे, हातावरून हाताकडे गेली.

निष्कर्ष

१. पट्ट्यावरील शक्तिप्रेषणाच्या इतिहासात निर्णयाचे काम स्वाराच्या हाताकडून वजने व स्प्रिंग यांच्याकडे गेले. त्याबरोबर निदानाचे ज्ञान चालकापासून दुरावले व मेकॅनिकाकडे एकवटले. गाडी चालविणे जितके सोपे झाले, तितके तिचे दुखणे ओळखणे चालकाला अवघड झाले.

२. कार्टमधील प्रमुख बिघाड हे रचनेतील निवडींचे परिणाम आहेत. घर्षणावर चालणारा पट्टा स्वीकारला तेथे घसरणे आले. कोरडा क्लच स्वीकारला तेथे धूळ आली. भार ओळखणारी पुली स्वीकारली तेथे गुंड्यांची झीज आली. म्हणून बिघाडांची यादी हीदेखील यंत्राच्या इतिहासाचे साधन ठरते.

३. लक्षणांवरून कारणाकडे जाण्याची क्रमबद्ध पद्धत हे प्रत्यक्ष अनुभवातून घडलेले, तर्कशुद्ध ज्ञान आहे. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात यंत्राच्या रचनेइतकेच या पद्धतीला स्थान मिळणे इष्ट आहे.

विजेवरील कार्टमध्ये सामान्यतः मोटार थेट मागील आसेला जोडलेली असते. तेथे पट्टा नाही व वजनांचा क्लचही नाही. जसजशा विजेवरील गाड्या वाढतील तसतसे प्रस्तुत लेखात वर्णिलेले ज्ञान बाळगणारे हात कमी होत जातील. दांडा फिरविणाऱ्या मोटारसायकलस्वाराचे कौशल्य ज्याप्रमाणे फारशी नोंद न होता लोपले, त्याप्रमाणे हेही लोपू नये, यासाठी जुन्या मेकॅनिकांच्या मुलाखती, त्यांची हत्यारे आणि झिजलेल्या सुट्या भागांचे नमुने यांचे जतन स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास व अभियांत्रिकी विभागांनी संयुक्तपणे हाती घ्यावयास हवे.